दोन शुक्रवार, दोन तळघरं

मंडळी, वीकेंड आहे, तेव्हा कोडिंग बाजूला ठेवून आज थोडा इतिहास.

साल १९९३. शुक्रवार, २६ फेब्रुवारी. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात, पार्किंगमध्ये, स्फोटकांनी भरलेली व्हॅन उडाली. सहा जण गेले. बरोब्बर दोन आठवड्यांनी, शुक्रवार १२ मार्चला दुपारी दीडच्या सुमारास, दलाल स्ट्रीटवर मुंबई शेअर बाजाराच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आरडीएक्सची गाडी उडाली. त्या दुपारच्या स्फोटमालिकेतला तो पहिला स्फोट. नरिमन पॉइंटची एअर इंडिया बिल्डिंगही त्यातून सुटली नाही. मुंबईत २५७ माणसं गेली.

पण या तिन्ही उंच इमारती त्या दिवशी उभ्याच राहिल्या. का?

उंच इमारत मुळातच वाऱ्याचा आणि भूकंपाचा आडवा जोर सोसायला बांधलेली असते. तिचे खालचे खांब दणकट असतात, आणि स्फोटाचा दाब टिकतो जेमतेम काही मिलिसेकंद. एवढ्या वेळात अख्खा टॉवर हलवणं कठीण. मार बसतो तो आसपासच्या भागांना. काचा फुटतात, भिंती उडतात, आणि तळघरात स्फोट झाला तर वरचा स्लॅब खालून उचलला जातो. स्लॅबमधल्या सळया मात्र मुख्यतः वरून येणाऱ्या वजनाचा हिशोब करून टाकलेल्या!

खरी गंमत (खरं तर भीती) पुढे आहे. स्लॅब गेला की खांबाचा आडवा आधार जातो. आधाराशिवायची लांबी दुप्पट झाली, तर सडपातळ खांबाची वाकण्याविरुद्धची ताकद चौथाईवर येते. इंजिनिअरिंगला ऑयलरचं सूत्र घोकलेल्यांना हे आठवेल. म्हणूनच न्यूयॉर्कमध्ये स्फोटानंतर उघड्या पडलेल्या खांबांना तातडीने पोलादी टेकू द्यावे लागले.

आपल्याकडे स्फोटरोधक बांधकामाचं मानक, आयएस ४९९१, आलं १९६८ साली. पण ते जमिनीवरच्या स्फोटांसाठी. त्यातला कळीचा मुद्दा म्हणजे अंतर. स्फोटकं आठपट केली तरी दुप्पट अंतरावर दाब तेवढाच राहतो. म्हणजे भिंत जाड करण्यापेक्षा गाडी लांब ठेवणं स्वस्त. तळघरातल्या पार्किंगमध्ये नेमकं हे अंतरच शून्य होतं.

त्याच १९६८ च्या मे महिन्यात लंडनच्या २२ मजली रोनन पॉइंटमध्ये अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. बॉम्ब नव्हे, घरातला स्वयंपाकाचा गॅस! एक भिंत निसटली आणि इमारतीचा एक कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जण गेले. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत तर दर दोनपैकी एक खांब तिसऱ्या मजल्यावरच्या तुळईवर टेकलेला होता. खालचे तीन खांब गेले आणि जवळपास अर्धी इमारत खाली आली. १६८ बळी.

आपल्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. सर्व्हरला बॅकअप हवा, तसा खांबालाही. एक खांब गेला तर त्याचं वजन शेजाऱ्यांनी वाटून घ्यायला हवं. योगायोग बघा, भूकंपात काँक्रीट लवचीक राहावं म्हणून सळया कशा बांधायच्या हे सांगणारं आयएस १३९२० आलं ते १९९३ मध्येच. जवळ जवळ बांधलेल्या रिंगा भूकंपात कामाला येतात, तशाच स्फोटातही.

आता आपलं नागपूर. देशभरातल्या स्फोटकांच्या आणि गॅस सिलिंडरांच्या सुरक्षेचे नियम राबवणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय इथे, सेमिनरी हिल्सवर आहे. आणि त्याच शहरात आपण फ्लॅट बघायला जातो तेव्हा विचारतो काय, तर मॉड्युलर किचन आहे का, दोन गाड्यांचं पार्किंग मिळेल का!

इमारत उभी राहिली म्हणजे आतली माणसं वाचली असं होत नाही, हे मुंबईने पाहिलंय. पण ती उभी राहिली म्हणून वरच्या मजल्यांवरच्या लोकांना जिना उतरायला वेळ मिळाला. स्ट्रक्चरल इंजिनिअर आपल्याला देतो तो हाच वेळ. तेव्हा पुढच्या वेळी साइटवर गेलात, तर पार्किंगमधल्या खांबांविषयीही एक प्रश्न विचारा. बिल्डर वैतागला तरी चालेल.