मुकादमाच्या दारापासून एचआरच्या केबिनपर्यंत : ‘पात्रता’ ठरवतो कोण?

मुलाखत देऊन आलेली मुलं-मुली आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येतात, तेव्हा आम्ही आधी एकच विचारतो, “काय काय विचारलं?” उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं. कामाबद्दल दोन प्रश्न, आणि मग गाव कुठलं, वडील काय करतात, हे आडनाव कुठल्या भागातलं. एका मुलीकडे पदवी, संगणकाचं प्रमाणपत्र, टॅली असं सगळं होतं. एका खासगी कंपनीच्या एचआर विभागाने तिला कळवलं, “तुम्ही आमच्या वातावरणात बसणार नाही.” तिने आम्हाला विचारलं, “दादा, वातावरणात बसायचं सर्टिफिकेट कुठं मिळतं?”

या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. माणूस निवडणाऱ्या खुर्चीचा हा इतिहास प्रत्येक आंबेडकरी तरुणाने वाचला पाहिजे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगारभरती जॉबर करत असे. जॉबर म्हणजे मुकादम. तो आपल्या गावची, नात्यातली, जातीतली माणसं आणायचा, कामावर लावायचा आणि त्याबद्दल दस्तुरी खायचा. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच आणि कर्ज देणाराही अनेकदा तोच. अर्ज नव्हता, परीक्षा नव्हती. ओळख हीच पात्रता होती.

ही पात्रता आपल्यासाठी कशी ठरली? अस्पृश्य कामगारांना सूतकताईच्या खात्यात काम मिळे, पण जास्त पगाराच्या विणाई खात्याचं दार बंद होतं. धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही, असं सवर्ण कामगारांचं म्हणणं होतं. हातातलं कौशल्य कुणी तपासलंच नाही. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला. अस्पृश्यांना विणाई खात्यात कामाचा हक्क मिळावा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, असा त्यांनी आग्रह धरला. ‘कामगारांची एकजूट फुटेल’ असं आज आपल्याला ऐकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की ती एकजूट विणाई खात्याच्या दारातच फुटलेली होती.

रेल्वेतही वेगळं नव्हतं. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं बाबासाहेबांनी जिथे सांगितलं तीच ही परिषद. त्याच भाषणात त्यांनी नेमणुकांचं गणितही उलगडलं. अस्पृश्य माणूस गँगमन होतो, पण पोर्टर होत नाही. का? पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामंही करावी लागत, आणि तिथे अस्पृश्य चालत नसे. नोकरी रेल्वेची, अट मात्र स्टेशन मास्तरच्या घराची!

भरतीतला हा अंधार सरकारलाही दिसत होता. 1929 मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने 1931 च्या अहवालात सुचवलं, की भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावा. या अधिकाऱ्याकडे सचोटी हवी, माणूस ओळखण्याची हातोटी हवी आणि कामगारांची भाषा यायला हवी, अशी अपेक्षा होती. निवडणाऱ्याचीही पात्रता तपासायला हवी, हा विचार इथे आला. 1936 मध्ये मुंबईत समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी, आज ‘टिस’ म्हणून ओळखली जाणारी संस्था सुरू झाली. 1947 मध्ये बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट आली. परळच्या या संस्थेला आज सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव आहे.

मग आला 1948 चा कारखाने अधिनियम. त्याच्या कलम 49 नुसार 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक झालं. त्याची कर्तव्यं आणि पात्रता ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला. या अधिकाऱ्याने कामगाराविरुद्ध शिस्तभंगाची प्रकरणं हाताळू नयेत, हे तत्त्वही पुढे नियमांत आलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा कायदा बाबासाहेबांनी केला, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. 1948 मध्ये कामगारमंत्री जगजीवनराम होते, बाबासाहेब कायदामंत्री. पण 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी त्रिपक्षीय परिषदा, पगारी रजा, 48 तासांचा आठवडा आणि कामगार कल्याण या विषयांवर केलेलं काम त्या कायद्याच्या आधीचं आहे. खरं श्रेय एवढं मोठं असताना खोट्याची गरज काय?

पुढे लेबर ऑफिसरचा पर्सोनेल मॅनेजर झाला आणि पर्सोनेल मॅनेजरचा एचआर. समाजकार्याच्या पदवीपेक्षा एमबीएला भाव आला. कामगार ‘संसाधन’ झाला. जॉबर गेला का? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी 25 एचआर व्यवस्थापकांच्या मुलाखतींवरचा अभ्यास मांडला. जात आम्ही बघत नाही, मेरिट बघतो, असं सांगणारे हे व्यवस्थापक उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ मात्र महत्त्वाची मानत होते. गिरणीत धोट्याचं निमित्त होतं, आज ‘वातावरणा’चं आहे.

मग करायचं काय? स्पर्धा परीक्षेच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे राहणाऱ्या आपल्या मुलांना आम्ही सांगतो, कामगार कल्याण, समाजकार्य, कामगार कायदे या अभ्यासक्रमांकडेही बघा. निवडणारी खुर्ची रिकामी सोडू नका. 2020 च्या संहितेने कल्याण अधिकाऱ्याची अट 250 कामगारांवर आणली आहे. आपल्या भागातल्या कारखान्यात हे पद आहे का, कुणाला नेमलंय, हे संघटनेमार्फत विचारा. कंत्राटदाराचा सुपरवायझर नवा जॉबर झाला असेल, तर ते लेखी मांडा.

आणि उद्या तुम्ही त्या खुर्चीत बसाल तेव्हा स्वतःलाही तपासा. आपला माणूस बसला म्हणजे न्याय झाला, असं नसतं. जॉबरही कुणाचा तरी ‘आपला माणूस’च होता. समोरच्याला वडिलांचा धंदा विचारायचा की त्याला येणारं काम, यावर तुमची पात्रता ठरेल.

त्या मुलीला आम्ही सांगितलं, असं सर्टिफिकेट कुठेच मिळत नाही. वातावरणच बदलावं लागतं. ती आता लेबर स्टडीजच्या प्रवेशाची तयारी करते आहे.

जय भीम!