हॉटेल सोडून वर्गात येणे ही पीछेहाट नव्हे

हॉटेलातली चांगल्या हुद्द्याची नोकरी सोडून कोणी विद्यापीठात आतिथ्यशास्त्र शिकवू लागला, की यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरसारख्या तालुक्याच्या गावात निदान ठरलेले: ‘तिथे टिकला नसेल.’ त्याला जोडूनच दुसरे मत येते: रांधणे-वाढणे घरी शिकतात, त्याला पदवी कशाला? ही दोन्ही मते तपासून पाहिली तर टिकत नाहीत.

आधी पदवीचा आक्षेप. मे महिन्यातले वऱ्हाडातले लग्न घ्या. सकाळी शिजवलेला भात दुपारच्या पंगतीपर्यंत पातेल्यात झाकलेला असतो. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही तग धरतात. कोमट भातात त्यांची वाढ होऊन विष तयार होते आणि भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही. म्हणून शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम, नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड ठेवायचे. मुरलेल्या आचाऱ्याला आंबलेला भात वासावरून ओळखू येतो, पण या विषाला वास नसतो. ते ओळखायला शास्त्रच लागते.

आता ‘टिकला नसेल’चा आक्षेप. जगातली सर्वांत जुनी मानली जाणारी, स्वित्झर्लंडमधल्या लोझानची हॉटेल-शाळा १८९३ मध्ये काढली ती जाक चुमी या हॉटेलवाल्याने. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९२२ मध्ये हा विषय सुरू केला, तेव्हा हॉटेलात सामान वाहणारा पोऱ्या म्हणून सुरुवात करून हॉटेलांचा मालक झालेला एल्सवर्थ स्टॅटलर साशंक होता. विद्यार्थ्यांचे काम पाहिल्यावर त्याचे मत बदलले आणि पुढे त्याच्याच प्रतिष्ठानाने कॉर्नेलला भरघोस मदत केली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद आणले. किमान १५ वर्षांचा अनुभव हवा, पीएच.डी.ची सक्ती नाही.

एक आक्षेप मात्र रास्त आहे: उत्तम शेफ उत्तम शिक्षक असेलच असे नाही. हात करतो ते तोंडाने समजावून सांगणे ही वेगळी विद्या आहे, आणि वर्गात येणाऱ्याने ती नव्याने कमवायला हवी. पण यातून सिद्ध काय होते? शिकवणे हे थकलेल्याचे विश्रांतीस्थान नसून दुसरी, तितकीच अवघड कामगिरी आहे.

यवतमाळ जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभारणाऱ्या बाबांनी आतिथ्य भावनेवर सोडले नाही. त्यासाठी इमारत, स्वच्छता आणि शिस्त उभी केली. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात या विषयाचा आणि तो शिकवणाऱ्याचा मान मोठाच असला पाहिजे.

नेरच्या पालकांना एवढेच सांगणे: मुलामुलींसाठी हा अभ्यासक्रम निवडताना कॉलेजच्या इमारतीआधी शिकवणाऱ्यांची चौकशी करा. भटारखान्यात वर्षे काढून वर्गात आलेला शिक्षक तिथे असेल, तर ते त्या कॉलेजचे भूषण समजा.