मांडवीवरील गॅसोलीन

गोमंतकात यांत्रिक होडीस ‘गॅसोलीन’ हे नाव पडले ते इंधनावरून. पोर्तुगीज भाषेत गॅसोलीना म्हणजे पेट्रोल. तेलाचे नाव होडीस चिकटले. तत्पूर्वी पणजी ते बेती हा प्रवास वल्ही, वारा आणि भरती-ओहोटी यांच्या मर्जीवर असे. यंत्राने ती पराधीनता पुष्कळ अंशी संपविली. बारदेशातील भाजी-मासळी विकणाऱ्यांस, विद्यार्थ्यांस व कचेरीतील कारकुनांस पणजी जवळ झाली.

१९७० साली मांडवीवर व १९८३ साली जुवारीवर पूल झाला. धक्क्यांवरील वर्दळ ओसरली. जलप्रवास मागासलेपणाची खूण मानला जाऊ लागला. परंतु ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, मांडवीचा पूल कोसळला आणि नदी ओलांडण्यास पुन्हा बोटींचाच आधार घ्यावा लागला. नवा पूल १९९२ साली झाला. दिवाडी बेटावर मात्र आजही फेरीबोटच नेते.

पुलांच्या कोनशिलांवर नावे कोरली जातात. प्रवाहाचा कल ओळखून पिढ्यान्पिढ्या माणसे पार उतरविणाऱ्या तारींच्या वाट्यास कोनशिला येत नाही. त्यांच्या आठवणी गावोगावच्या वृद्धांकडून वेळीच लिहून घेणे, हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल.