विजेची पेटी : लाट, उपग्रह आणि पुंगी

कोल्हापूरच्या दक्षिणेस कळंब्याचा तलाव आहे. संस्थानी काळांत शहराला पाणी पुरविण्यासाठीं बांधलेल्या या तलावाच्या लहरी काठाशीं येऊन विरतात. त्यांवर स्वार होण्याची कल्पना कोणाच्या मनांत येणार नाहीं. परंतु कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फळीवर उभें राहून समुद्राची लाट पेलण्याचा एक खेळ आहे. आणि 1961 च्या सुमारास तेथील तरुणांनीं या खेळाच्या वेगास साजेसें जें संगीत निर्माण केलें, त्यास सर्फ संगीत म्हणतात.

या संगीतांतील सारा मान विजेच्या गिटारला मिळाला. डिक डेल या वादकानें 1962 सालीं ‘मिसिर्लू’ ही पूर्व भूमध्य प्रदेशांतील जुनी चाल विलक्षण द्रुत गतीनें वाजविली, आणि गिटार म्हणजेच लाट असें समीकरण ठरून गेलें. पण तारेचा स्वर छेडतांच क्षीण होऊं लागतो. विजेच्या पेटीचा स्वर मात्र पट्टी दाबून धरावी तोंवर टिकतो. म्हणून त्या काळच्या वाद्यवृंदांतून गिटारच्या मागें स्वरांची भरण करण्याचें, आणि प्रसंगीं मुख्य चाल पेलण्याचेंहि काम अशा पेट्यांकडे आलें.

या पेट्यांपैकीं क्लॅव्हियोलिन हें एक लहानसें वाद्य. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच यंत्रज्ञानें तें 1947 सालीं सिद्ध केलें. त्या काळच्या रेडिओंत असत तशाच निर्वात नळ्यांतून त्याचा स्वर उमटे. पट्ट्या सुमारें तीन सप्तकांच्या. एका वेळीं स्वर एकच. मात्र कळ फिरवून स्वराचा पोत बदलतां येई व त्यास कंपहि देतां येई. 1962 सालीं टेलस्टार हा दळणवळणाचा उपग्रह आकाशांत गेला, तेव्हां लंडनमध्यें जो मीक यानें त्याच नांवाची ध्वनिमुद्रिका काढली. तींतील मुख्य चाल क्लॅव्हियोलिनवर जेफ गॉडर्डनें वाजविली होती. टॉर्नेडोज या वाद्यवृंदाची ही मुद्रिका इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत अग्रस्थानीं पोहोंचली. श्रोत्यांस तो स्वर अंतराळांतून आल्यासारखा वाटला.

परंतु हेंच वाद्य मुंबईंत आठ वर्षें आधीं गाजून गेलें होतें. 1954 च्या ‘नागिन’ या बोलपटास हेमंतकुमारांचें संगीत होतें. त्यांतील पुंगीचा स्वर पुंगीचा नव्हेच. कल्याणजी वीरजी शाह यांनीं तो क्लॅव्हियोलिनवर काढला होता, आणि त्यांच्या जोडीस रवि यांची हार्मोनियम होती. गारुडी नाकानें श्वास घेत पुंगीचा स्वर अखंड ठेवतो. निर्वात नळीस श्वासाची गरजच नाहीं. कंपाची जोड मिळतांच भास पुरा झाला. गाणाऱ्या लता मंगेशकर. त्यांच्या उमेदवारीचीं कांहीं वर्षें मास्टर विनायकांच्या कंपनीबरोबर कोल्हापुरांतच गेलीं होतीं.

या यशाचें मोल समजण्यास थोडें मागें जावें लागतें. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनीं पेटीस मैफलींत प्रतिष्ठा मिळवून दिली होती; तरीहि 1940 सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमवर बंदी घातली. ठराविक पट्ट्यांतून मींड निघत नाहीं, श्रुतींचें सूक्ष्म अंतर दाखवितां येत नाहीं, शिवाय वाद्य परकें, असा आक्षेप होता. तो सर्वस्वी निराधार नव्हता. पण पुढें पंधरा वर्षें लोटण्यापूर्वींच, पट्ट्यांच्याच, परक्या, आणि वर विजेवर चालणाऱ्या वाद्यानें या देशांतील अत्यंत अस्सल मानलेला स्वर असा काढला कीं, वरातींतले बँडवाले तीच चाल वाजवूं लागले आणि त्या तालावर लोक नागासारखे डोलूं लागले.

एकाच यंत्रांत लंडनला उपग्रह ऐकूं आला आणि मुंबईला नाग. स्वराचें मूळ गांव यंत्राच्या कारखान्यांत नसून वाजविणाऱ्याच्या बोटांत आणि ऐकणाऱ्याच्या संस्कारांत असतें, हेंच यावरून दिसतें. मात्र भास जितका पुरा, तितका भास करणारा विस्मृत, हा या वाद्याचा नियम ठरला. कल्याणजी पुढें आनंदजींसह संगीतकार म्हणून कीर्तिमान झाले, म्हणून त्यांचें नांव राहिलें. लाटेचें श्रेय गिटारला आणि डोलण्याचें श्रेय पुंगीला देतांना, मागें बसून पट्ट्या दाबणाऱ्या इतर अनेक हातांचें स्मरण ठेवणें हें रसिकांचें ऋणच आहे.