संग्रहातून दानाकडे : केळकर संग्रहालयातील दिवे

भगवान महावीरांचे पावापुरी येथे निर्वाण झाले तेव्हा भावप्रकाश मावळला. म्हणून काशी व कोसल देशांतील अठरा गणराजांनी द्रव्यप्रकाश केला, असे कल्पसूत्र सांगते. जैन परंपरेतील दीपावलीचा दिवा हा असा स्मरणाचा दिवा आहे. भारतीय घरांतील दिव्याची विविध रूपे एकत्र पाहावयाची असतील, तर दिघीकरांना दूर जावे लागत नाही. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती जपून ठेवलेली आहेत.

डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून त्यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा पुत्र राजा बालवयातच निवर्तला. संग्रहालयाला त्याचेच नाव आहे. ज्या वास्तूत संसार केला, तीच पुढे संग्रहालय झाली.

राजेरजवाड्यांच्या रत्नजडित वस्तूंपेक्षा सामान्यांच्या घरातील वस्तूंकडे केळकरांची दृष्टी अधिक होती. देवघरातील समई, ओवाळण्याचे निरांजन, हाती पणती धरून उभी असलेली दीपलक्ष्मी, साखळीला टांगलेला लामणदिवा ही पितळी भांडी एरवी मोडीत जाऊन वितळली असती. काही लामणदिव्यांत पक्ष्याच्या वा हत्तीच्या पोटात तेल साठविलेले असते. खालच्या पात्रातील तेल उतरले की छिद्र उघडे पडते, हवा आत शिरते आणि तेवढेच तेल खाली येते; पातळी वाढताच छिद्र पुन्हा बंद होते. आमच्या कारागिरांना हे शास्त्र हातानेच अवगत होते. केळकरांचा ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९६१ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केला.

मूर्तिपूजक जैन मंदिरांत आरती व मंगलदिवा यांना मानाचे स्थान आहे. जीवदयेच्या भावनेने ज्योतीभोवती काचेचे आवरणही ठेवले जाते. म्हणूनच या दालनातील प्रत्येक दिवा जैन श्रावकाला ओळखीचा वाटतो.

तथापि या दिव्यांहून मोठी शिकवण संग्राहकाच्या आचरणात आहे. अर्धशतकाहून अधिक काळ एकेक वस्तू पारखून घेणाऱ्या या गृहस्थाने १९७५ मध्ये आपला सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ममत्व सोडणे म्हणजे अपरिग्रह. आणि जे प्राणापलीकडे जपले त्याचे ममत्व सोडणे सर्वांत कठीण. त्या दानाला २०२५ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली.

दिघी गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. जुन्या घरांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या आणि आजीच्या समया माळ्यावर गेल्या. पितळेचा भाव वजनावर ठरतो. परंतु तिच्या प्रकाशात जी पिढी णमोकार मंत्र शिकली, तिची स्मृती तराजूत तोलता येत नाही. अशी एक तरी समई मोडीत जाण्यापासून वाचली, तर केळकरांच्या त्या दानाचे खरे स्मरण घडेल.