अंतराळातला शिधा

माझ्या पिढीला स्कायलॅब आठवते ती डोक्यावर पडणार म्हणून! जुलै १९७९ मध्ये तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले आणि आपण सुटलो. पण तिची खरी अडचण आपल्याला कुणी सांगितलीच नाही. १९७३ साली तिला वर पाठवताना सगळे पाणी आणि बहुतेक अन्न तिच्यातच भरून दिले होते. तीन तुकड्या तिथे राहून आल्या, शेवटची ८४ दिवस. फेब्रुवारी १९७४ नंतर ते घर रिकामेच राहिले.

सोव्हिएत रशियाने वेगळा विचार केला. सप्टेंबर १९७७ मध्ये सोडलेल्या साल्यूत ६ या स्थानकाला त्यांनी दोन दारे ठेवली. एकाला माणसांचे यान, दुसऱ्याला सामानाचे. २० जानेवारी १९७८ रोजी 'प्रोग्रेस १' निघाले आणि दोन दिवसांनी आपले आपण स्थानकाला जाऊन जोडले गेले. आत माणूस नाही!

हे यान म्हणजे माणसे नेणाऱ्या सोयूझचेच बदललेले रूप. माणूस नाही म्हटल्यावर खुर्च्या नकोत, पॅराशूट नको, परतीच्या आगीतून वाचवणारे कवचही नको. वाचलेले वजन मालाला मिळाले. सुमारे २,३०० किलो माल, त्यात हजार किलोच्या आसपास इंधन. इंधन कशाला? त्या उंचीवरही विरळ हवा असते, तिच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली येते आणि त्याला पुन्हा वर ढकलावे लागते. हे विषारी इंधन नळ्यांमधून स्थानकाच्या टाक्यांत भरले गेले. अंतराळात असे प्रथमच घडले.

रोमानेन्को आणि ग्रेच्को तिथे ९६ दिवस राहिले. स्कायलॅबचा विक्रम मोडला. रिकाम्या झालेल्या प्रोग्रेसमध्ये त्यांनी स्थानकातला केरकचरा भरला आणि ते यान ८ फेब्रुवारीला पॅसिफिकवर जळून गेले.

एप्रिल १९८४ मध्ये आपले राकेश शर्मा साल्यूत ७ वर गेले. त्या स्थानकाची रसदही प्रोग्रेसच पुरवत असे. शर्मांचे पंतप्रधानांशी झालेले बोलणे आपल्याला आठवते. सामानाच्या गाडीचे नाव कुणाला ठाऊक असणार?

तिची किंमत कळली ती पुढे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळले, कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. अमेरिकेची शटल याने जुलै २००५ पर्यंत बंद राहिली. आंतरराष्ट्रीय स्थानकावर तिघांऐवजी दोघेच ठेवावे लागले आणि त्यांची सारी भिस्त प्रोग्रेसवर आली. डिसेंबर २००४ मध्ये लिरॉय चिआओ आणि सालिझान शारिपोव्ह तिथे होते. अन्नाचा साठा इतका उतरला, की त्यांना कमी खायला सांगण्यात आले. पुढचे यान पोचले नाही तर स्थानक सोडून परत यायचे, असेही ठरले होते. २४ डिसेंबरला यान निघाले आणि नाताळच्या दिवशी नीट जोडले गेले. दोघे राहिले.

अंतराळात जायला धाडस लागते, राहायला मात्र शिधा लागतो. इतिहासात आपण पहिली गोष्ट लिहितो आणि दुसरी विसरतो. शिधा पोचवणारे यान तर परतही येत नाही, मग त्याला हारतुरे कोण घालणार?

असो. त्याच घराण्यातली याने आजही तितक्याच मुकाट्याने वर जात आहेत.