बो-बासँचा तुरुंग आणि आजीचा मानियोक

युद्ध म्हटले की आमची मुले युरोपातली नावे सांगतात. पण ते युद्ध मॉरिशसच्या दारातही आले होते. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ थांबला आणि भात खाणारी आमची घरे मका व मानियोकवर आली. आजीला मानियोक नकोसा का वाटे, हे विचारले तरच ती गोष्ट निघते.

दुसरी गोष्ट पुष्कळ घरांना ठाऊकच नव्हती. हिटलरच्या तावडीतून निसटलेल्या सुमारे 1580 ज्यूंना इंग्रज सरकारने डिसेंबर 1940 मध्ये हैफाहून जहाजाने इथे आणले आणि बो-बासँच्या तुरुंगात ठेवले. परवान्याशिवाय पॅलेस्टाईनला पोहोचले, एवढाच त्यांचा अपराध. 1945 मध्ये ते सुटले. शंभरावर माणसे मात्र सेंट मार्टिनच्या दफनभूमीत राहिली.

गिरमिटियांच्या वंशातल्या नताशा अप्पाना यांनी ‘ल दर्निए फ्रेर’ ही फ्रेंच कादंबरी 2007 मध्ये यावरच लिहिली. त्यातला राज उसाच्या मळ्यातून आलेल्या घरातला, डेव्हिड तुरुंगातला पोरका ज्यू मुलगा. आकडा वाचून मुले पुढे जातात, डेव्हिडपाशी थांबतात.

आपले पूर्वजही जहाजातून उतरताच नोंदवहीतला क्रमांक झाले होते. म्हणून आधी हे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे, मग त्यांना सेंट मार्टिनला न्यावे आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसवावे. ते दिवस पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. पुस्तक कपाटात वाट पाहील. ती पाहणार नाहीत.